विरळणी

शमीमनं भर बाजारात ओळख दाखवली नाही, तेव्हा वैजयंताला फार बरं वाटलं.

लक्ष्मीपुरीच्या मंडईत दोघी अगदी समोरासमोर आल्या होत्या. शमीमच्या हातात मेथीची जुडी होती. तिनं वैजयंताला पाहिलं, तिचे ओठ हलल्यासारखे झाले, आणि मग चटकन पाठ फिरवून ती वांग्यांचा भाव विचारू लागली. शमीमच्या घरी वांगी कुणी खात नाही, तिच्या नवऱ्याला वांग्यानं खाज सुटते, हे वैजयंताला चांगलं ठाऊक होतं. तरी ती बिचारी एकेक वांगं दाबून बघत राहिली आणि वैजयंता मान खाली घालून तिच्या मागून निघून गेली. मैत्रीण असावी तर अशी, हेच घरापर्यंत तिच्या मनात घोळत होतं.

ही उलटी रीत आता गावभर पडली होती. कोल्हापुरात रस्त्यात भेटलेल्याला 'जेवला काय?' असं विचारल्याशिवाय पुढं जाणं म्हणजे त्याचा अपमान करणं. त्याच कोल्हापुरात आता काम शोधणारा माणूस दिसला की लोक मायेनं मान फिरवायचे. त्याला बारशाचं बोलावणं धाडत नसत, दवाखान्यात असला तर बघायला जात नसत. 'त्याचं कामाचं चाललंय, आपण कशाला आडवं यायचं?' असं म्हणत आणि घरात बसून हळहळत. माणूस जितका जवळचा, तितकी ओळख जास्त चोरायची.

हे सगळं सुरू झालं ते न्यायासाठी, हे आधीच सांगायला हवं. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं, कुणा खलनायकाचं हे कारस्थान आहे. तसा खलनायक वगैरे कुणी नव्हता.

काम मिळण्याच्या वाटा पूर्वी कितीतरी होत्या. पेपरात जाहिरात यायची, कारखान्याच्या गेटवर 'पाहिजेत' म्हणून पाटी लागायची. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून लोक पोक्त होईपर्यंत वाट बघायचे. मग कन्सल्टंट आले, कॉलेजात येऊन मुलं उचलणाऱ्या कंपन्या आल्या, मोबाईलवरची नोकरीची संकेतस्थळं आली. पण या सगळ्या वाटा दाखवायच्या. खरी वाट एकच होती, कुणीतरी कुणाजवळ शब्द टाकायचा. 'आपल्या गल्लीतला पोरगा आहे, बघा जरा', एवढ्या एका वाक्यावर अर्धी एमआयडीसी भरलेली होती. वैजयंता मगदूम स्वतः चंद्रोदय फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये लागली ती मामांच्या शब्दावर, आणि पुढं तिनं कितीजणांसाठी शब्द टाकला याचा तिलाही पत्ता नव्हता. ज्याच्यासाठी शब्द टाकणारं कुणीच नाही, तो मात्र गेटच्या बाहेरच राहायचा. त्याच्यासाठी 'समवाट' कायदा आला.

समवाटनं सगळ्या वाटा बंद करून एकच ठेवली. कुठलीही जागा निघाली की ती समवाटवर यायची, आणि उमेदवाराची त्या कंपनीत कुणाशी ओळख नाही हे सिद्ध झाल्याखेरीज त्याचं नाव पुढं सरकायचं नाही. कायदा आल्यावर पहिल्याच वर्षी चंदगडकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुली एमआयडीसीत कामाला लागल्या. त्यांच्या घरात कुणी कारखान्याचं गेटसुद्धा पाहिलं नव्हतं. त्यांना युनिफॉर्ममध्ये बसमधून उतरताना पाहून वैजयंताला बरंच वाटलं होतं. वाईट कायदा म्हणायची तिची तयारी आजही नव्हती.

प्रश्न एवढाच होता की ओळख मोजायची कशी. फोन तपासले तर लोक फोन घरी ठेवून भेटत. नाती तपासली तर मैत्री सुटायची. हा प्रश्न सुटला तो भलत्याच ठिकाणी.

माणसाचा चेहरा डोळ्यांपुढं आला की मेंदू पापणी लवायच्या आत दोन गोष्टी करतो. आधी चेहरा ओळखतो. त्याची एक बारीक, टोकदार लहर उठते. हा चेहरा पाहिलेला आहे, एवढंच ती सांगते, मग तो दूधवाल्याचा असो की शाळेतल्या बाईंचा. तिच्यामागून, किंचित उशिरा, एक रुंद आणि संथ लहर येते, पण ती फक्त आपल्या माणसासाठी. विस्मरणाच्या रुग्णांवर काम करणाऱ्या काही संशोधकांना ती सापडली. पोटच्या मुलीला 'बाई, तुम्ही कोण?' असं विचारणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मेंदूत पहिली लहर उठतच नसे. दुसरी मात्र मुलगी समोर आली की उठायची. ओळख पुसली गेली तरी आपलेपणा शाबूत होता. संशोधकांनी तिला 'आप्तलहर' म्हटलं, आणि म्हाताऱ्यांच्या मुलींनी तो आलेख बघून डोळे पुसले. तो शोध नोकरभरतीला उपयोगी पडेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

पण पडला. उमेदवाराच्या डोक्याला पट्टा बांधायचा, कंपनीतल्या सगळ्यांचे चेहरे इतर अनोळखी चेहऱ्यांत मिसळून झरझर दाखवायचे, आणि आप्तलहर ठरलेल्या रेषेच्या वर गेली की उमेदवार बाद. ही लहर मुद्दाम उठवता येत नाही आणि दाबताही येत नाही. लोकांनी श्वास रोखून पाहिला, पाढे म्हणून पाहिले, जीभ चावून पाहिली. काही उपयोग झाला नाही.

वैजयंताचं सारं घोडं इथं अडलं होतं. चंद्रोदय फाउंड्री बंद पडली त्याच्या आधीच तिचा नवरा विश्वनाथ गेला होता. मूलबाळ नव्हतं. पोटापुरतं होतं, त्याची चिंता नव्हती, पण घर खायला उठायचं. सकाळी केर काढून झाला की दिवस संपायचा नाही. तिला काम हवं होतं ते माणसांसाठी. सगळ्यात जास्त शमीमसाठी.

फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये वैजयंता आणि शमीम नदाफ वीस वर्षं एका टेबलाला बसल्या होत्या आणि एका डब्यात जेवल्या होत्या. म्हणजे डबे दोन असायचे, पण कुणाचा कुठला हे झाकण उघडेपर्यंतच. फाउंड्रीला कुलूप लागलं आणि शमीम गोकुळ शिरगावच्या सह्यगिरी पंप्समध्ये गेली, कायदा यायच्या अगदी तोंडावर. आता सह्यगिरी वाढत होती, स्टोअरच्या जागा निघत होत्या. दुसऱ्या कारखान्यांत वैजयंताला अडवायला भाचे, पुतणे, गल्लीतली पोरं असं गणगोत होतं. सह्यगिरीत सगळे बाहेरून आलेले. तिथं तिला अडवणारं एकच माणूस होतं, शमीम. पहिल्या परीक्षेत वैजयंता तिच्याच चेहऱ्यावर बाद झाली होती.

त्यावर दोघींनी मिळून ठरवलं होतं. शमीमच्या अंगणात बसून, शेवटचं.

"काय न्हाई वैजू, थोडे म्हैने बोलायचं न्हाई," शमीम म्हणाली होती. "दिसलीस तरी मी बघणार न्हाई. एकदा पास झालीस की परत एका डब्यात जेवायचं. मी जातो तुझ्या वाटंतनं बाजूला."

कोल्हापुरात बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. शमीम तेवढं म्हणाली आणि स्वतःच आधी रडली.

तेव्हापासून ती बाजूला झाली होती, ती मंडईतल्या वांग्यांपर्यंत.

दुसऱ्या परीक्षेला वैजयंता मोठ्या भरवशानं गेली. राजारामपुरीतल्या त्या केंद्रात भिंती पांढऱ्या होत्या आणि खुर्ची दातांच्या डॉक्टरकडे असते तशी. पट्टा बांधणारी मुलगी गोड होती, 'काकू, वेणी जरा सैल करा' म्हणाली. मग चेहरे सुरू झाले. टक्कल, मिशी, कुंकू, चष्मा, परत मिशी. चेहरे इतक्या वेगानं जात होते की शमीम आली कधी आणि गेली कधी, हे वैजयंताला धड कळलंही नाही. फक्त छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं, दिवसभर घातलेला जोडा काढावा तसं.

मुलीनं आलेख पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "काकू, मागच्या वेळेपेक्षा वाढलीय."

"वाढली? अगं, किती म्हैने झाले, मी तिच्याशी एक शब्द बोललो न्हाई!"

"होतं असं पुष्कळांचं," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "आठवण काढता ना त्यांची?"

दुसरं वैजयंताला होतंच काय करायला?

त्या मुलीनंच तिला श्रीवर्धन चौगुलेंचा पत्ता दिला. चौगुले सर विरळणीचे वर्ग घेत. हा नवाच धंदा निघाला होता. पूर्वी मुलाखतीत कसं बोलावं हे शिकवणारे क्लास असायचे, आता माणसं मनातून कशी काढावीत हे शिकवणारे. जागा तीच, दहावीच्या शिकवणीची. फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी काढलेला त्रिकोण तसाच राहिला होता.

"रोपं दाट झाली की शेतकरी काय करतो? विरळणी," सर म्हणाले. "काही रोपं उपटतो, म्हणजे उरलेल्याला जागा मिळते. काकू, तुम्ही उपटलंच नाही. तुम्ही नुसतं बोलणं बंद केलं. न बोलल्यानं माणूस आणखी मुरतं, लोणच्यासारखं."

"मग काय करायचं?"

"अढी धरायची. मनात. आणि ती खरी पाहिजे. उगाच रचलेली असली तर मेंदू फसत नाही. त्या बाईंनी तुमचं कधीतरी काही वाईट केलं असेल, ते शोधून काढा."

"न्हाई हो. शमीमनं? काही सुद्धा न्हाई."

"वीस वर्षांत एकदाही नाही?" सर हसले. वाईट हसले नाहीत, कंटाळून हसले. "आठवा. एक तरी गोष्ट असतेच. ती सापडली की रोज सकाळी काढायची, रोज थोडी उगाळायची. बाकी ती आपोआप वाढते."

"तुम्ही केलीय?"

"माझ्या भावावर. तो बँकेत होता, मला तिथंच लागायचं होतं. लागलोसुद्धा. पुढं सोडली नोकरी."

"आणि भाऊ?"

"आहे की, इथंच. उद्यमनगरला राहतो," सर म्हणाले, आणि डस्टर घेऊन फळा पुसायला लागले.

वैजयंताला तो माणूस आवडला नाही. मैत्री टिकवायला आपण हे करतोय आणि हा मैत्रीच उपटा म्हणतो, म्हणून ती परत जायची नाही असं ठरवून घरी आली. पण घरात आल्यावर तेच घर होतं. कुकरच्या शिट्टीखेरीज दिवसभर कुणाचा आवाज नाही. फक्त काम मिळेपर्यंत, तिनं स्वतःला समजावलं. एकदा शमीमच्या शेजारी जाऊन बसलं की अढी आपोआप विरघळेल. अढीच ती, काही कायमची थोडीच असते?

आणि शोधायला बसल्यावर गोष्ट सापडलीच.

फाउंड्री बंद पडायच्या सुमाराला शमीमला सह्यगिरीत घेतलं, ते तिच्या दाजींच्या शब्दावर. तेव्हा तिथं स्टोअरमध्ये दोन जागा होत्या. हे वैजयंताला मागाहून दुसऱ्याच कुणाकडून कळलं होतं. शमीमनं दुसऱ्या जागेबद्दल तिला चकार शब्द सांगितला नव्हता. तेव्हा वैजयंतानं ते मनावर घेतलं नाही, राहून गेलं असेल म्हणाली. आता तिनं ते पुन्हा काढलं आणि सकाळच्या चहाबरोबर उगाळायला सुरुवात केली. दोन जागा होत्या. एक स्वतः घेतली. दुसरी मला सांगितली नाही. मी हिच्या आतेबहिणीपासून सगळ्यांसाठी शब्द टाकले, आणि हिनं माझ्यासाठी एक टाकला नाही.

पहिले काही दिवस तिला स्वतःचीच लाज वाटली. मग लाज वाटेनाशी झाली. चौगुले सर म्हणाले होते ते खरं ठरलं, अढी आपोआप वाढायला लागली. जुन्या गोष्टी तिला येऊन चिकटू लागल्या. शमीम भाजीत मीठ कमी आहे म्हणायची. आपला वाढदिवस एकदा विसरली होती. विश्वनाथ दवाखान्यात असताना यायची ती नेहमी घाईत. ईद आली, आणि दरवर्षी येणारा शीरखुर्म्याचा डबा आला नाही. शमीम तो आपल्याच भल्यासाठी पाठवत नाहीये, हे वैजयंताला पुरतं ठाऊक होतं. तरी तिच्या मनात आलं, बरं सुटली, तेवढाच तिचा सुकामेवा वाचला. असा विचार आपल्याला सुचू शकतो याचं तिला नवल वाटलं आणि जरा समाधानही वाटलं. अभ्यास चांगला चालला होता.

एका दुपारी शेजारच्या मंगलवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या सहसा येत नसत, वैजयंताचं कामाचं चाललंय म्हणून.

"सांगू का नको, असं झालंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या मैत्रिणीची आई गेली. चारला माती आहे म्हणे."

अम्मा. विश्वनाथ गेला तेव्हा वैजयंतानं अन्न सोडलं होतं, तर या अम्मानं रोज येऊन तिच्यासमोर मांडी घालून बसून, दोन घास पोटात गेल्याशिवाय उठायचं नाही असा हट्ट धरला होता. वैजयंतानं पदर सारखा केला. चपला पायांत घातल्या. उंबरठ्यावर येऊन उभी राहिली. गेलं तर शमीम गळ्यात पडेल, आणि इतक्या महिन्यांचं सगळं पाण्यात जाईल. पुढची परीक्षा जवळ आली होती. नाही गेलं तर शमीम समजून घेईल, असं ठरलंच आहे. ती बराच वेळ उभी राहिली. आपल्याला आता खूप वाईट वाटेल, असं तिला वाटत होतं.

मग तिनं चपला काढल्या, आत जाऊन चहा टाकला आणि खिडकीशी बसून प्यायली. चहा छान झाला होता.

तिसऱ्या परीक्षेत टक्कल, मिशी, कुंकू, चष्मा असे चेहरे आले आणि गेले. त्यांत शमीम आली आणि तीही गेली. वैजयंताला या वेळी ती अगदी स्पष्ट दिसली. नाक जरा बसकं आहे हिचं, एवढंच तिच्या मनात आलं.

"सपाट!" पट्टा सोडता सोडता मुलगी आनंदानं म्हणाली. "काकू, अभिनंदन! रेषेच्या जवळपास सुद्धा नाही, एकदम सपाट!"

वैजयंता बाहेर आली. काम लागलं होतं. दोन वर्षांनी. तिनं कुणाला तरी सांगण्यासाठी पर्समधून फोन काढला आणि नावं वर-खाली केली. भाच्याला सांगावं तर त्याच्याशी बोलणं कामापायीच तुटलेलं. मंगलवहिनींना फोन करावा असं नातं उरलं नव्हतं. शमीमचं नाव आलं आणि बोटाखालून पुढं गेलं, थांबलं नाही. शेवटी तिनं रिक्षा केली आणि रिक्षावाल्यालाच सांगितलं, "मला नोकरी लागली." तो आरशात बघून म्हणाला, "बरं झालं की मग." आणि पुढं रंकाळ्यापर्यंत कुणीच काही बोललं नाही.

सह्यगिरी पंप्स स्वच्छ होती. स्टोअरमध्ये सामान उचलायला यंत्रं होती, वैजयंतानं पडद्यावर फक्त जुळवणी बघायची. शमीमची जागा स्टोअरच्या पार दुसऱ्या टोकाला होती. साहेब चांगले होते. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला तशी ती डबा घेऊन कॅन्टीनमध्ये गेली, आणि दारातच थबकली.

फाउंड्रीचं कॅन्टीन म्हणजे कलकलाट. कोण कुणाच्या डब्यात हात घालतंय, कोण कुणाची टर उडवतंय. इथं शंभरेक माणसं जेवत होती आणि चमच्यांचा आवाज ऐकू येत होता. एका टेबलाला एक, फार तर दोघं, तेही एकमेकांकडं न बघता. इथला जवळजवळ प्रत्येक माणूस परीक्षा पास होऊन आला होता. पास होण्यासाठी कुणी भाऊ उपटला होता, कुणी मित्र, कुणी बहीण. आणि आत आल्यावर पुन्हा नवीन रोप लावायचं कुणाच्या अंगात उरलं नव्हतं.

शमीम खिडकीजवळ एकटीच बसली होती. इतक्या महिन्यांत तिचे केस बरेच पांढरे झाले होते. वैजयंता सरळ गेली आणि तिच्यासमोर बसली. डब्याचं झाकण काढून डबा मध्ये सरकवला.

"घे. भेंडी केलीय. परत एका डब्यात जेवायचं ठरलं होतं न्हवं?"

तिनं हे वाक्य सकाळी भेंडी चिरताना ठरवून ठेवलं होतं. ते बरोबर जमलं. शमीमनं डब्याकडे पाहिलं, हात पुढं केला नाही.

"पास झालीस," ती म्हणाली.

"झालो की."

"माझ्या चेहऱ्यालाबी?"

"म्हणजे काय? त्याबिगर हितं कशी बसलो असतो?"

"त्येच म्हणतो मी." शमीमनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "रोज दुआ मागत होतो तुझ्यासाठी. वैजूला पास होऊ दे म्हणून. आणि परवा तुझं नाव लागलं बोर्डावर, ते बघितलं आणि घरी जाऊन रडलो. येडी हाय मी. मला वाटायचं, सगळ्या चेहऱ्यांतनं ही सुटंल, पर माझ्यापाशी अडकंल. अडकावीस, असंबी वाटायचं. काम मिळू दे आणि अडकूबी दे. दोन्ही कसं व्हायचं, सांग?"

वैजयंतानं डबा आणखी जरा पुढं सरकवला.

"कशावर धरलीस?" शमीमनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. अढी कशी धरतात हे आता गावात कुणालाच सांगावं लागत नव्हतं.

"दुसरी जागा," वैजयंता म्हणाली. "तू लागलीस तवा हितं दोन जागा होत्या. मला सांगितलं न्हाईस."

शमीमनं बोटाला गुंडाळलेली ओढणी सोडली.

"सांगितलं होतं ग मी. तुला न्हाई, दाजीस्नी. आधी तुझंच नाव घातलं होतं मी, मग माझं. सायेब म्हणाले, त्या बाईंचं वय झालंय, तरणी कुणी बघा. ते काय तुला येऊन सांगू? भाऊजी जाऊन वरीस झालं न्हवतं. म्हटलं, कुठं आणि दुखवायचं हिला."

हे खरं होतं. शमीम खोटं बोलत नाही, हे वैजयंताला ठाऊक होतं. ज्या गोष्टीला तिनं रोज सकाळी खतपाणी घातलं, ती गोष्टच नव्हती. ते तिला लख्ख कळलं, जसा एखादा हिशोब कळावा तसं. तिनं आत चाचपून पाहिलं. कळण्यानं आत काही हललं नाही. अढीचं कारण गेलं होतं आणि तरी तिच्या जागी काही परत आलं नव्हतं.

"अम्मा गेली तवा तू येणार न्हाईस, ठाऊक होतं मला," शमीम म्हणाली. "ठरलंच होतं आपलं. तरी दारात कोण आलं की बघायचो."

"निघालो होतो," वैजयंता म्हणाली. "चपला घातल्या होत्या पायात."

"घातल्या होत्यास?" शमीमचे डोळे भरून आले.

"हो."

चहाचं वैजयंता बोलली नाही. शमीमनं ओढणीनं नाक पुसलं, आजूबाजूला पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. मग ती टेबलावर पुढं झुकली आणि लहान पोरीसारख्या आवाजात तिनं विचारलं, "थोडी तरी उठली आसंल की ग? रेषेच्या खाली का हुईना. बारीकशी?"

वैजयंताला पट्टा सोडणाऱ्या मुलीचा आनंदी आवाज आठवला.

"उठली होती," ती म्हणाली. "बारीकशी."

शमीम हसली. "वैजू, वीस वर्सं तुझ्या शेजारी बसलो मी. तुला खोटं बोलायला कधी जमलंय का?" तिनं वैजयंताच्या हातावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला, आणि मग तिच्या डब्यातली एक भेंडी उचलून तोंडात टाकली. "मीठ बरोबर हाय," ती म्हणाली.

भोंगा झाला. शमीम आपला डबा घेऊन उठली आणि मागं न बघता आपल्या जागेकडं गेली. बाकीची माणसंही एकेक करून उठली, आपापली ताटं आपणच धुऊन गेली. वैजयंताच्या हातावर शमीमच्या हाताची ऊब अजून होती. आता रडू येईल, असं तिला वाटलं. यायलाच हवं होतं. कॅन्टीन रिकामं झालं, पुसायला आलेल्या बाईनं शेजारचं टेबल पुसून घेतलं, तरी डबा उघडाच ठेवून ती रडू यायची वाट बघत बसून राहिली.